ब्रह्मपुरीचं ऊन आणि एकतीस मार्चचा हिशेब

मार्च सरत आला की हवामान खात्याच्या रोजच्या यादीत ब्रह्मपुरीचं नाव वर सरकायला लागतं. कधी चंद्रपूर पुढे, कधी अकोला, कधी वर्धा. पण वैनगंगेकाठचं हे धानाच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव पहिल्या चार-पाचांत असतंच. पारा 45 च्या वर गेला तरी इथल्या माणसाला त्याचं नवल वाटत नाही. तो कूलरच्या ताट्या बदलतो आणि मे महिन्याच्या बिलाची धास्ती घेतो. याच चंद्रपूर जिल्ह्यात दुर्गापूरला 2,920 मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे, महानिर्मितीच्या केंद्रांतलं सगळ्यात मोठं. कोळसा इथला, राख इथली, धूरही इथलाच. युनिटचा दर मात्र महावितरणच्या पुण्या-नाशिकच्या ग्राहकाला जो लागतो तोच ब्रह्मपुरीला लागतो. तेव्हा छतावर सोलर बसवावा असं इथल्या माणसाच्या मनात आलं तर त्यात आश्चर्य नाही. प्रश्न पुढचे असतात: परवानगी कोण देतं, सबसिडी किती, ती हातात कधी पडते, आणि बसवायचा तो किती किलोवॅटचा?

सध्याची मुख्य योजना केंद्राची, 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना'. 13 फेब्रुवारी 2024 ला ती सुरू झाली आणि त्याच महिन्याच्या 29 तारखेला मंत्रिमंडळाने तिच्यासाठी 75,021 कोटी रुपये मंजूर केले. एक कोटी घरं हे उद्दिष्ट, मुदत 2026–27 या आर्थिक वर्षापर्यंत. अनुदानाचा हिशेब सोपा आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, आणि त्यापुढे शून्य. म्हणजे एक किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार, तीनला 78 हजार. पाच किलोवॅट बसवा नाहीतर दहा, 78 हजारांच्या वर छदाम नाही. गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 मिळतात, पण ब्रह्मपुरीत फ्लॅट संस्कृती अजून बेताचीच असल्याने ते इथे सोडून देऊ. शेतीपंपाचा 'मागेल त्याला सौर कृषिपंप' हाही वेगळा विषय. तिथे शेतकऱ्याने दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे असतात. लोक दोन्ही योजना एकात मिसळतात आणि 'दहा टक्क्यात घरावर सोलर' असं ऐकून एजन्सीच्या दारात उभे राहतात.

आता परवानगी. 2015 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे पहिले विनियम आणले, 2019 च्या अखेरीस ते नव्याने लिहिले. त्या काळात अर्ज केला की महावितरणचा अभियंता तुमच्या भागातल्या रोहित्राची, बोलीभाषेत डीपीची, क्षमता तपासायचा आणि तुमची वीज उलटी घ्यायला तिथे जागा आहे का ते सांगायचा. या 'तांत्रिक व्यवहार्यते'त फाइल पडून राहायची. 22 फेब्रुवारी 2024 ला केंद्राने ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली आणि 10 किलोवॅटपर्यंतच्या छतावरच्या संचासाठी ही तपासणीच काढून टाकली. अर्ज पूर्ण असेल तर तो मंजूर धरायचा. तुमचा मंजूर भार कमी असेल, समजा बिलावर 1 किलोवॅट लिहिलंय आणि तुम्हाला 3 चा संच हवाय, तर भारवाढही वीज कंपनीनेच करून द्यायची. पाच किलोवॅटपर्यंत तारा किंवा रोहित्र बळकट करावं लागलं तर तो खर्चही कंपनीचा. संच बसल्याची सूचना गेल्यानंतर करार, मीटर आणि जोडणी यांसाठी पूर्वी तीस दिवस होते, ते पंधरावर आले.

कागदावरची परवानगी अशी सोपी झाली, तरी लोक अडतात. अडतात ते बहुधा नावात. झाडीपट्टीतल्या जुन्या घरांची मीटरं आजोबांच्या नाही तर वडिलांच्या नावावर असतात. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, बिल मात्र अजून त्यांच्या नावाने येतं आणि सगळे मुकाट्याने भरतात. सोलरचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून होतो आणि त्या क्रमांकावर जे नाव आहे त्याच नावाने पुढचं सगळं चालतं. अनुदान ज्या बँक खात्यात यायचं त्या खात्याचं नावही अर्जाशी जुळावं लागतं. बिलावर 'नागो', आधारवर 'नागोराव', पासबुकात 'नागोजी' असं असेल तर संच छतावर चढतो, वीजही तयार होते आणि अनुदान मात्र तपासणीतच अडकून राहतं. म्हणून एजन्सीला फोन लावायच्या आधी बिल, आधार आणि पासबुक ही तीन कागदं एका ओळीत मांडून अक्षर न् अक्षर ताडून बघा. बिलावरचं नाव बदलायचं असेल तर मालकीचा कागद लागतो. गावात ग्रामपंचायतीचा नमुना 8, शहरात नगरपरिषदेची कर आकारणी किंवा आखीव पत्रिका. वारस एकापेक्षा जास्त असतील तर बाकीच्यांचं संमतीपत्रही. घराची वाटणी तोंडी झालेली आणि कागदावर न उतरलेली असेल तर खरं भांडण इथे उभं राहतं, आणि महावितरणला त्यात काही करता येत नाही. भावाला सोलरच्या अनुदानाची बातमी लागली की संमतीपत्राची किंमतही वाढते, हे आपल्याकडे सांगायला नको.

नाव जुळलं की पुढची वाट सरळ आहे. पोर्टलवर नोंदणी, नोंदणीला पैसे नाहीत. मग पोर्टलच्या यादीतल्या नोंदणीकृत एजन्सीची निवड. एजन्सी संच बसवते, पॅनेलचे अनुक्रमांक आणि छतावरचे फोटो पोर्टलवर चढवते, महावितरण तपासणी करून नेट मीटर लावतं, संच कार्यान्वित झाल्याचं प्रमाणपत्र निघतं आणि मग ग्राहकाने अनुदानाची मागणी नोंदवली की साधारण महिनाभरात रक्कम खात्यात जमा होते. एजन्सीला आधी पूर्ण पैसे द्यायचे आणि अनुदान नंतर आपल्या खात्यात, असा हा क्रम आहे. 'सबसिडी आमच्या खात्यात वळती करा, तुम्ही उरलेलेच द्या' असं कुणी म्हणालं तर दोनदा विचार करा.

हाताशी रोकड नसेल तर राष्ट्रीयीकृत बँका तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला तारण न घेता कर्ज देतात. व्याज रेपो दराला बांधलेलं; 2024 मध्ये ते सात टक्क्यांच्या आसपास होतं. पीककर्ज थकलेलं असेल तर मात्र बँकेचा सूर बदलतो, तेव्हा आपलं पतमानांकन आधी बघून ठेवलेलं बरं. सप्टेंबर 2025 पासून सोलर साहित्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. जुन्या दरपत्रकावर कुणी बोट ठेवत असेल तर हे त्याच्या कानावर घाला.

दरपत्रकात एक गोष्ट मात्र नीट वाचायला हवी. अनुदानासाठी पॅनेल देशी लागतात, नुसती जोडणी देशात झालेली चालत नाही, आतला सेलसुद्धा भारतात बनलेला हवा. बाजारात यांना 'डीसीआर पॅनेल' म्हणतात आणि ते आयात सेलच्या पॅनेलपेक्षा महाग असतात. एखादा विक्रेता बाकीच्यांपेक्षा वीस-पंचवीस हजारांनी स्वस्त देत असेल तर पहिला संशय इथेच घ्यायचा. पॅनेल एकदा वर चढले की खालून काही कळत नाही. अनुदान नाकारलं गेलं की मग कळतं. यादीतल्या एजन्सीने पाच वर्षं देखभाल मोफत करायची असते, हेही दरपत्रकावर लिहून घ्यावं.

छताचं म्हणाल तर किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, बिनसावलीची जागा लागते. कवेलूच्या घरावर हे जमत नाही. टिनाच्या छपरावर जमतं, पण खालचे लोखंडी अँगल तपासून. स्लॅब असेल तर उत्तम, फक्त आपल्याकडे स्लॅब रिकामा कधीच नसतो. मार्च-एप्रिलमध्ये त्यावर मोहफुलं वाळतात, मग मिरची, मग कुरड्या-सरगुंडे, आणि मे महिन्यात रात्री घरातले सगळे तिथेच अंथरुणं टाकतात. म्हणून इथले लोक पॅनेल सात-आठ फूट उंच सांगाड्यावर बसवून घेतात. लोखंडाचा खर्च वाढतो, पण खाली वावरता येतं, स्लॅबवर सावली पडते आणि खालची खोली दुपारी थोडी कमी तापते. मला विचाराल तर हा खर्च वाया नाही. फक्त एप्रिल-मेच्या वादळात या सांगाड्यावर वाऱ्याचा किती जोर येतो ते ध्यानात ठेवून पाये नीट भरून घ्यावेत. आणि तारा पाइपातूनच न्याव्यात, कारण वानरांना लोंबणारी तार दिसली की ती ओढल्याशिवाय राहवत नाही.

तोंड दक्षिणेला, उतार साधारण वीस अंशांचा. ब्रह्मपुरी ज्या अक्षांशावर आहे तेवढाच. सावलीचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. पॅनेलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पाण्याच्या टाकीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी सगळ्या ओळीचा प्रवाह आवळला जातो. पाटात एका जागी दगड पडला की खालच्या सगळ्या बांध्यांचं पाणी कमी होतं, तसंच. टाकी हलवता येते, पण अंगणातलं झाड असेल तर? जंगलाच्या जिल्ह्यांत एक परवानगी इथे आडवी येते, जिचा सोलरच्या माहितीपत्रकात उल्लेखही नसतो. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत; स्वतःच्या जागेतलं असलं तरी ते वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पाडता येत नाही. नगरपरिषदेच्या हद्दीत 1975 चा वृक्षसंवर्धनाचा कायदाही लागू होतो. मोहाचं झाड वर्षाला किती फुलं आणि किती टोळ, म्हणजे त्याच्या बिया, देतं हे ज्याला ठाऊक आहे तो ते सोलरसाठी पाडणारही नाही. पॅनेल दुसऱ्या बाजूला सरकवा, जागा पुरत नसेल तर संच लहान घ्या.

आणि लहान संच घ्यायला कारणं आणखीही आहेत. तो हिशेब जरा सविस्तर मांडतो, कारण एजन्सीवाले तो उलट्या बाजूने मांडतात.

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. 2024–25 मध्ये वहन आकार धरून पहिली शंभर युनिटं 5 रुपये 88 पैशांनी, 101 ते 300 पर्यंतची 11 रुपये 46 पैशांनी आणि 301 ते 500 पर्यंतची 15 रुपये 72 पैशांनी पडत होती. जुलै 2025 पासून आकडे बदलले, पायऱ्या तशाच आहेत. सोलर या पायऱ्या वरून खाली उतरतो. आधी तो तुमची सगळ्यात महाग युनिटं पुसतो, मग मधली, शेवटी स्वस्त.

ब्रह्मपुरीतलं एक मध्यमवर्गीय घर धरा. एप्रिल, मे, जूनमध्ये दोन कूलर आणि फ्रिज यांच्यापायी महिना 400 युनिट, बाकीचे नऊ महिने 200. वर्षाला तीन हजार. वरच्या दरांनी या विजेची किंमत होते 28,962 रुपये. स्थिर आकार, वीज शुल्क आणि इंधन समायोजन वेगळं. आता दोन किलोवॅटचा संच बसवला. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो असं महावितरण सांगतं. आपण उन्हाळ्यात साडेचार, पावसाळ्यात तीन, बाकी चार असं धरू. उन्हाळ्यात महिना 270 तयार होतील, 130 विकत घ्यावी लागतील. पावसाळ्यात 180 तयार, 20 विकत. ऑक्टोबर ते मार्च 240 तयार, सगळी गरज भागून थोडी शिल्लक. वर्षभराची विकतची वीज आता 3,148 रुपयांची. दोन किलोवॅटने पंचवीस हजार आठशे वाचवले.

तिसरा किलोवॅट काय करतो? उरलेले 3,148 वाचवतो. बस्स. कारण महाग पायऱ्या आधीच पुसल्या गेल्यात आणि त्याच्या वाट्याला बहुतेक 5.88 वालीच युनिटं उरलीत. त्याला अनुदानही 30 नाही, 18 हजारच. पहिल्या दोन किलोवॅटचे पैसे अडीच-तीन वर्षांत फिटतील तर तिसऱ्याचे आठेक वर्षं फिटणार नाहीत. 'तीन घ्या, पूर्ण 78 हजारांचा फायदा घ्या' हा सल्ला घरात एसी येणार असेल, वापर वर्षभर 300 च्या पुढे असेल तर बरोबर. बाकीच्यांना तो विक्रेत्याच्या सोयीचा.

तिसऱ्या किलोवॅटची उरलेली वीज जाते कुठे, हा ब्रह्मपुरीसारख्या गावाचा खास प्रश्न आहे. नेट मीटरिंगमध्ये या महिन्यात जास्त झालेली युनिटं पुढच्या महिन्याच्या खात्यावर जमा होतात. पण ही जमा आर्थिक वर्षापुरतीच. 31 मार्चला जी काही युनिटं शिल्लक असतील ती महावितरण आयोगाने ठरवलेल्या दराने, म्हणजे तुम्ही विकत घेता त्याच्या बऱ्याच कमी दराने, खरेदी करतं आणि 1 एप्रिलला तुमचं खातं कोरं होतं. आता आपलं वर्ष बघा. ऑक्टोबर ते मार्च हे निरभ्र आकाशाचे, कूलर बंद असणारे महिने. शिल्लक याच काळात साठते. आणि ती पुसली जाते कधी, तर कूलर सुरू व्हायच्या ऐन तोंडावर. हिवाळ्यात साठवायची आणि उन्हाळ्यात वापरायची हा जो साधा संसारी विचार आहे तो इथे चालत नाही. 'वर्षभराचा वापर भागिले बारा' करून संचाचा आकार काढणारा माणूस हीच गोष्ट विसरतो. ज्या गावांत उन्हाळा-हिवाळ्याच्या बिलात फारसा फरक पडत नाही तिथे तो हिशेब खपून जातो. ब्रह्मपुरीत, नागभीडला, सिंदेवाहीला, पलीकडे वडशाला नाही खपत. म्हणून आकार ठरवताना मागच्या बारा महिन्यांची बिलं समोर घ्या आणि हिवाळ्यातल्या महिन्यांकडे जास्त बघा.

हिवाळ्याचा उल्लेख आलाच आहे तर एक गैरसमज काढून टाकू. 'आमच्याकडे एवढी गर्मी, सोलर तुफान चालणार' असं हौसेने म्हटलं जातं. सोलरला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. पॅनेलवर लिहिलेली क्षमता प्रयोगशाळेतल्या 25 अंश तापमानाची असते. मे महिन्यात सावलीतला पारा 45 असताना उन्हातला काळा पॅनेल 65–70 अंशांपर्यंत तापतो, आणि 25 च्या वरच्या प्रत्येक अंशाला त्याची वीज साधारण 0.3 ते 0.4 टक्के घटते. 43 अंश जास्त म्हणजे भर दुपारी तेरा ते सतरा टक्के गायब. उन्हाळ्याचा दिवस लांब म्हणून एकूण उत्पादन तरीही चांगलं दिसतं, पण ज्या दुपारी तुम्हाला कौतुक वाटत असतं त्या दुपारपेक्षा फेब्रुवारीतली गार, स्वच्छ दुपार किलोवॅटला जास्त जोर देते. उंच सांगाड्याचा इथेही उपयोग होतो. खालून वारा खेळला की पॅनेल काही अंश थंड राहतो. दुसरा शत्रू धूळ. धान कापणी-मळणीचे दिवस आणि राईस मिलच्या आसपासची घरं यांना आठवड्याला पाण्याचा हात फिरवावाच लागतो. तोही पहाटे, तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नये.

आता ज्यांचं बिल मुळातच शंभर युनिटांच्या आत आहे त्यांचं काय? एक पंखा, तीन बल्ब, एक टीव्ही अशा घरांची ब्रह्मपुरी तालुक्यात आणि गडचिरोलीत संख्या कमी नाही. त्यांची युनिटं सगळी स्वस्त पायरीवरची, त्यामुळे निव्वळ केंद्राच्या अनुदानावर त्यांना हा व्यवहार आतबट्ट्याचा नसला तरी फार सावकाशीचा पडतो. राज्य सरकारने 2025 मध्ये यांच्यासाठी 'स्मार्ट' नावाची, म्हणजे स्वयंपूर्ण महाराष्ट्र निवासी छत सौर योजना आणली. एक किलोवॅटचा संच 50 हजारांचा धरून केंद्राच्या 30 हजारांवर राज्याची भर: दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला 17,500, शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला 15,000, इतरांना 10,000. म्हणजे ग्राहकाच्या खिशातून अनुक्रमे अडीच हजार, पाच हजार आणि दहा हजार. पाच लाख घरांचं लक्ष्य आहे आणि 'आधी येईल त्याला आधी' असा क्रम. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार या दुर्गम भागांना प्राधान्य असं त्यात म्हटलं आहे. माझ्या मते चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची योजना हीच आहे, आणि तिची माहिती ज्यांना हवी त्यांच्याकडेच ती सगळ्यात उशिरा पोचते. अडचणी दोन: बिल थकलेलं नसावं आणि डोक्यावर छत भक्कम असावं. घरकुलाचा एका खोलीचा स्लॅब एका किलोवॅटला पुरतो. घरकुल अजून पदरात न पडलेल्या, कवेलूखालीच राहणाऱ्या माणसाला मात्र ही योजना बाहेरूनच बघावी लागते. आणि भामरागड-एटापल्लीकडच्या ज्या टोल्यांवर तारच गेलेली नाही तिथे नेट मीटर कशाला जोडणार? तिथला मार्ग बॅटरीच्या स्वतंत्र संचाचा.

बॅटरीवरून आठवलं. नव्याने सोलर बसवलेल्या घरात पहिलं वादळ आलं की हमखास एक प्रश्न उठतो. तार तुटली, लाईट गेली, दुपारचं ऊन मात्र कडक आहे. मग आपला सोलर का बंद? बिघाड नाही. अनुदानाचे साधे संच वीज कंपनीच्या तारेशी बांधलेले असतात. तारेतून वीज यायची थांबली की इन्व्हर्टर लगेच स्वतःला बंद करून घेतो, आणि त्याने तसं करणं सक्तीचं आहे. नाही तर तुमच्या छतावरची वीज उलटी बाहेर जाऊन खांबावर चढलेल्या लाईनमनला धक्का देईल. जंगलातून जाणाऱ्या तारांवर फांदी पडणं आपल्याकडे नित्याचं. तेव्हा 'सोलर घेतला म्हणजे लाईट जाणार नाही' असं कुणी गळी उतरवत असेल तर त्याला हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरीचा वेगळा भाव विचारा. तो ऐकल्यावर बहुतेक लोक घरातला जुना इन्व्हर्टरच ठेवतात.

आणि शेवटी बिल. नेट मीटर लागल्यावरचं पहिलं बिल घेऊन लोक हमखास तणतणत येतात. मोबाईलवरचं ॲप म्हणतं 240 युनिटं तयार झाली, बिलावर मात्र निर्यात 150 च. बाकीची चोरली कुणी? कुणी नाही. ॲप इन्व्हर्टरचं उत्पादन मोजतं. त्यातली 90 युनिटं दिवसाउजेडी तुमच्याच फ्रिजने, पंख्याने, पाण्याच्या मोटारीने खाल्ली. ती मीटरपर्यंत पोचलीच नाहीत. मीटरला दोनच गोष्टी दिसतात: तारेतून आत आलेली वीज म्हणजे आयात आणि बाहेर गेलेली म्हणजे निर्यात. रात्रीच्या वापराची आयात 170 आणि निर्यात 150 असेल तर बिल 20 युनिटांचं. त्याच्यावर स्थिर आकार येतोच, संच कितीही मोठा असला तरी. 'शून्य बिल' ही जाहिरातीची भाषा आहे.

खरी चूक असते ती वेगळीच. नवीन मीटरच्या निर्यातीचा आकडा बिलिंगमध्ये चढवायचाच राहून जातो, किंवा मागच्या महिन्याची शिल्लक पुढे ओढलेली नसते. म्हणून पहिली दोन-तीन बिलं मीटरच्या पडद्यावरच्या आकड्यांशी स्वतः ताडून बघा, पडद्याचा तारखेसह फोटो काढून ठेवा, आणि 31 मार्चचा फोटो तर चुकवूच नका. चूक दिसली तर आधी ब्रह्मपुरीच्या कार्यालयात लेखी अर्ज, पोच घेऊन; 1912 वर नोंद केली तर तिचा क्रमांकही जपून ठेवा. तिथे दाद लागली नाही तर महावितरणचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. तिथे वकील लागत नाही, साधा अर्ज आणि बिलांच्या प्रती पुरतात. मंचाचा निर्णय पटला नाही तर साठ दिवसांच्या आत विद्युत लोकपालांकडे जाता येतं, आणि विदर्भासाठी ते कार्यालय मुंबईला नाही, नागपूरलाच आहे.